साफ्रानबोलूत कमी खर्चात मुक्काम: आधी वार ठरवा, मग खोली

तुर्कीला जाणारा मराठी माणूस साधारण इस्तंबूल, कापादोक्या, पामुक्काले आणि अंताल्या एवढं करून परततो. या चारही ठिकाणी स्वस्त आणि शांत या दोन गोष्टी एकत्र मिळणं अवघड. ज्यांना दोन-तीन दिवस एकाच गावात बूड टेकून बसायचंय, सकाळी उठून कुठेही धावायचं नाही आणि खिसाही सांभाळायचाय, त्यांच्यासाठी मी साफ्रानबोलू सुचवेन. अंकाराच्या उत्तरेला, काराब्युक प्रांतातलं हे जुनं व्यापारी गाव. तिथली ऑटोमन काळातली लाकडी घरं शाबूत राहिली म्हणून 1994 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं.

घरं का टिकली, हे मुक्कामाच्या दृष्टीनेही समजून घेण्यासारखं आहे. 1937 मध्ये शेजारच्या काराब्युकला पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली. रोजगार तिकडे गेला, नवी वस्ती आणि सिमेंटच्या इमारती तिकडे उभ्या राहिल्या, आणि जुन्या साफ्रानबोलूत पाडापाडी करण्याचं कोणाला कारणच उरलं नाही. पुढे या रिकाम्या होत चाललेल्या घरांपैकी बरीच हॉटेलं झाली. त्यांना ‘कोनाक’ म्हणतात. त्यामुळे इथे कमी पैशातही अडीच-तीनशे वर्षांच्या परंपरेतल्या घरात झोपता येतं. जुन्या वाड्यात भाड्याने खोली मिळावी तसाच प्रकार, त्यातल्या गैरसोयींसकट.

निघण्याआधीची दोन कामं

पहिलं काम व्हिसाचं. भारतीय पासपोर्ट असेल आणि शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा अथवा निवास परवाना असेल, तर तुर्कीचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून मिळतो: एकदा प्रवेश, 30 दिवस. तो आधारभूत व्हिसा मात्र पासपोर्टवर चिकटवलेला हवा. दुसऱ्या देशाचा ई-व्हिसा दाखवून काम होत नाही. यातलं काहीच नसेल तर रीतसर कागदपत्रं देऊन स्टिकर व्हिसा काढावा लागतो, आणि त्यासाठी मुक्कामाचं आरक्षण दाखवावं लागतं. म्हणून पहिलं आरक्षण नेहमी विनाशुल्क रद्द होणारं घ्या. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, जास्त पैसे घेणारी खासगी पानं शोधात वर येतात; पत्ता नीट वाचून मगच कार्डाचा नंबर टाका.

दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण लेखात न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. मे 2025 मध्ये तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर भारतातल्या बऱ्याच प्रवास कंपन्यांनी तिथल्या सहली विकणं थांबवलं आणि पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं नाकारली. जायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. जाणार असाल, किंवा जर्मनी-आखातातून जाणं तुम्हाला सोयीचं असेल, तर सगळं स्वतःच आखावं लागेल हे गृहीत धरा. विमानांची स्थितीही तिकीट काढताना पुन्हा बघा.

आधी वार, मग महिना

हॉटेलाचे तारे मोजून इथे फारसा उपयोग नाही. साफ्रानबोलू हे अंकारा आणि इस्तंबूलकरांचं शनिवार-रविवारचं ठिकाण. शुक्रवारी संध्याकाळपासून गाड्या यायला लागतात, शनिवारी दिवसभराच्या सहलीच्या बसेस बाजारात रिकाम्या होतात आणि रविवारी दुपारनंतर गाव एकदम मोकळं होतं. रविवारी संध्याकाळी पोचून बुधवारी निघालात, तर तीच खोली स्वस्त, मालक गप्पांना मोकळा आणि ज्या गल्लीत आदल्या दिवशी फोटो काढायला रांग होती तिथे फक्त मांजरं.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. ज्या महिन्यात जायचंय त्या महिन्यातला कुठलाही मंगळवार आणि त्याच आठवड्यातला शनिवार, एकाच कोनाकसाठी शोधून बघा. फरक मोठा दिसला तर तुमचा कार्यक्रम त्यानुसार फिरवा: शनिवार-रविवार इस्तंबूल किंवा अंकारात घालवा. मोठ्या शहरात खोल्या भरपूर असतात, तिथे या दोन दिवसांचा तेवढा फटका बसत नाही.

टाळायचे काळ: रमझान ईद आणि बकरी ईद या दोन बायरामच्या सुट्ट्या. सरकार कधी कधी त्या आठ-नऊ दिवसांपर्यंत लांबवतं आणि अर्धा देश रस्त्यावर येतो. या तारखा दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतात, म्हणून त्या त्या वर्षीचं पंचांग पाहावंच लागतं. त्याशिवाय 23 एप्रिल, 19 मे आणि 29 ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्ट्या शनिवार-रविवारला लागून आल्या, की खोल्या आधीच संपतात. शाळांची जानेवारी-फेब्रुवारीतली सुट्टीही तशीच.

चांगले महिने कोणते? एप्रिलचा उत्तरार्ध, मे आणि ऑक्टोबर. गावाच्या नावातच केशर आहे आणि आजूबाजूच्या गावांत अजूनही थोडी केशराची शेती होते. फुलं येतात साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. फुलं बघायची असतील तर 29 ऑक्टोबरची सुट्टी चुकवून लगेच नंतरचे आठवड्यामधले दिवस धरा. डिसेंबर ते फेब्रुवारी भाव सर्वांत खाली असतात. बर्फ पडतं, छपरं पांढरी होतात, छान दिसतं. पण उतारावरचे दगडी रस्ते निसरडे होतात आणि खोली गरम करण्याचा प्रश्न येतो.

गावाचे तीन भाग

खाली खोलगट भागात जुना बाजार आणि कोनाकं, त्याला ‘चार्शी’ म्हणतात. वर किरानक्योय: पूर्वीची ग्रीक ख्रिस्ती वस्ती, 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीनंतर रिकामी झालेली, आज बँका, सुपरमार्केटं आणि दवाखाने असलेला रोजच्या व्यवहाराचा भाग. आणखी वर बाआलार, म्हणजे मळे. चार्शीतली कुटुंबं उन्हाळ्यात तिकडच्या घरात राहायला जात, कारण खोलगटात उकडतं आणि वर वारा असतो.

बजेटच्या दृष्टीने खरी निवड चार्शी आणि किरानक्योयमध्येच. किरानक्योयला साधं आधुनिक हॉटेल मिळतं: लिफ्ट, सपाट रस्ता, जवळच स्वस्त किराणा. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर हेच घ्या. खाली बाजारात जायला दोल्मुश, म्हणजे ठरावीक मार्गावर धावणारी मिनीबस आहे. अंतर दोनेक किलोमीटर. उतरायला मजा, चढायला नाही.

पण धडधाकट असाल तर मुक्काम चार्शीतच करा, थोडे जास्त पैसे पडले तरी. दिवसाच्या सहलीवाले संध्याकाळी निघून गेले की तो भाग फक्त राहणाऱ्यांचा होतो, आणि खरं तर त्याच दोन-तीन तासांसाठी आपण इतक्या लांब आलेलो असतो. चार्शीत राहायचं तर चाकांची मोठी बॅग घरी ठेवा. गोट्यांचा रस्ता आणि चढ यांच्यापुढे चाकं टिकत नाहीत. पाठीवरची पिशवी बरी.

कोनाकातली खोली कशी असते

फोटोत खिडकीखालची गादीची लांब बैठक, कोरीव लाकडी छत आणि पांढरे पडदे दिसतात. ते सगळं खरंच असतं. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी मात्र आधी समजून घ्या.

या घरांत प्रत्येक खोली एका छोट्या बिऱ्हाडासारखी असे. एका भिंतीला लाकडी कपाटांची रांग, त्यात दिवसा गाद्या-रजया ठेवायच्या, आणि त्याच रांगेतल्या एका कपाटात अंघोळीची चिंचोळी जागा. आज अनेक कोनाकांत न्हाणीघर त्याच कपाटात बसवलेलं आहे. कपड्यांचं कपाट समजून दार उघडावं तर आत शॉवर आणि कमोड. उंबरा पाय उचलून ओलांडायचा, मान वाकवायची आणि साबण लावताना कोपर भिंतीला लागणार हे धरून चालायचं. काहींना हे गमतीचं वाटतं. धिप्पाड माणसाला किंवा पासष्टीच्या आईला ते तसं वाटेलच असं नाही. म्हणून न्हाणीघराचा फोटो मागितल्याशिवाय खोली पक्की करू नका.

जमीन लाकडी, आणि ती बोलते. वरच्या मजल्यावर कोणी रात्री पाणी प्यायला उठलं तर खालच्याला कळतं. झोप सावध असेल तर सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली मागा. लिफ्ट नसते आणि जिना उभा असतो, एवढी किंमत मोजावी लागते. मशीद जवळ असेल तर पहाटेची अजान खोलीत ऐकू येणार. बहुतेक ठिकाणी बूट दाराशी काढून घरातल्या सपाता घालायच्या असतात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

एक नजर सुरक्षेवरही हवी. ही घरं लाकडी सांगाडा आणि मधे मातीच्या विटा अशी बांधलेली. जानेवारी 2025 मध्ये बोलू प्रांतातल्या कार्तलकाया इथे हॉटेलला लागलेल्या आगीत 78 माणसं मेली. तेव्हापासून तरी हा प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. खोलीत धूर-सूचक आहे का, बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता, रात्री मुख्य दाराला कुलूप लावलं तर किल्ली कुठे असते, हे पोचल्यावर लगेच बघून घ्या.

कोनाकाशिवाय ‘पान्सियोन’ असतात: घरगुती, कमी खोल्या, कधी सामायिक न्हाणीघर, आणि सहसा सर्वांत स्वस्त. तुर्कीतल्या अनेक गावांत ‘ओरेत्मेनएवी’ हा आणखी एक पर्याय असतो. सरकारी शिक्षकांसाठीची ही विश्रामगृहं, पण जागा असेल तर इतरांनाही थोड्या जास्त दराने खोली देतात. स्वच्छ, रुक्ष, ट्यूबलाइटवाली. सगळं भरलेलं असेल तेव्हा ती आठवावीत.

भाव आणि आरक्षण

खोलीचा आकडा या लेखात मुद्दाम दिलेला नाही. तुर्कीची अधिकृत वार्षिक महागाई ऑक्टोबर 2022 मध्ये 85 टक्क्यांवर होती, 2023 च्या अखेरीस सुमारे 65 आणि 2024 च्या अखेरीस सुमारे 44 टक्के. वर्षापूर्वी कोणी लिरात लिहिलेला भाव आज कामाचा नाही. लिराऐवजी युरोत हिशेब ठेवा आणि स्वतःची कमाल मर्यादा आधी कागदावर लिहा: खोली आणि नाश्ता मिळून रात्रीचे इतके, त्यावर एक पैसा नाही.

मग असा क्रम धरा. मोठ्या आरक्षण संकेतस्थळावर तीन-चार जागा निवडा. परीक्षणं नवीन ते जुनी अशी लावून गेल्या सहा महिन्यांतलीच वाचा. त्यात ‘गरम पाणी’, ‘थंडी’, ‘आवाज’ हे शब्द शोधा. एक जागा विनाशुल्क रद्द होईल अशी धरून ठेवा. हे काम भारतातून निघण्याआधीच करा, कारण 2017 मधल्या न्यायालयाच्या आदेशानंतर बुकिंग डॉट कॉमवरून तुर्कीत असताना तुर्कीतल्या खोल्या आरक्षित करता येत नाहीत. तिथे पोचून ॲप उघडल्यावर खोल्याच दिसत नाहीत आणि लोक गोंधळतात. आधी केलेलं आरक्षण मात्र चालतं.

यानंतर त्याच जागेला व्हॉट्सॲपवर थेट लिहा. छोट्या हॉटेलांचा निम्मा कारभार तिथेच चालतो. संकेतस्थळाचा हिस्सा वाचत असल्याने मालक बरेचदा थोडा कमी भाव देतो, निदान वरच्या मजल्याची खोली तरी देतो. मजकूर भाषांतराच्या ॲपमधून तुर्कीत करा आणि तो पुन्हा मराठीत उलटवून बघा. वाक्यं तोडून, छोटी लिहा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. आम्ही दोघं आहोत. मंगळवार 13 ऑक्टोबर ते गुरुवार 15 ऑक्टोबर, दोन रात्री राहायचं आहे. नाश्ता आणि सर्व करांसह दोन रात्रींचे एकूण किती? न्हाणीघर खोलीच्या आत आहे का? त्याचा फोटो पाठवाल का? खोली कितव्या मजल्यावर आहे? रात्री हीटर चालू असतो का? आम्ही मांस, मासे खात नाही. नाश्त्याला चालेल ना? पैसे आल्यावर रोख दिले तर चालतील का?’

‘सर्व करांसह’ हे शब्द महत्त्वाचे. 1 जानेवारी 2023 पासून मुक्कामावर 2 टक्के निवास कर आहे, शिवाय मूल्यवर्धित कर वेगळा; सांगितलेल्या भावात दोन्ही आहेत की नाहीत हे आधीच कळलं म्हणजे निघताना वाद नाही. उत्तर किती लवकर आणि किती नीट येतं, यावरूनही जागेचा अंदाज येतो. न्हाणीघराचा फोटो मागितल्यावर चौथ्यांदा छताचा फोटो आला, तर पुढची जागा बघा.

आगाऊ रक्कम बँक खात्यात पाठवायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा. हॉटेलांच्या नावाने खोटी पानं बनवून असे पैसे उकळले जातात. अख्खं घर भाड्याने घेत असाल, तर 1 जानेवारी 2024 पासून अशा अल्पमुदतीच्या भाड्यासाठी परवाना आणि दारावर तशी पाटी सक्तीची आहे. परवाना आहे ना, हे विचारा. आणि थेट भाव पटला तर आधीचं धरून ठेवलेलं आरक्षण त्याच दिवशी रद्द करा. सहा खोल्यांच्या घरात आदल्या रात्री रिकामी झालेली खोली भरत नाही.

पोचायचं कसं

साफ्रानबोलूला आगगाडीने जाण्याचा विचार सोडा, बसच सोयीची. इस्तंबूलहून सुमारे 400 किलोमीटर, सहा-सात तास. अंकाराच्या आश्ती बसस्थानकावरून तीनेक तास. माझं मत: इस्तंबूलहून वेगवान रेल्वेने अंकारा, तिथे एक रात्र, मग बस. खर्च थोडा वाढतो, पण एक राजधानी बघून होते आणि पाठीचा कणा शाबूत राहतो.

रात्रीच्या बसने एक मुक्काम वाचतो असं वाटतं. प्रत्यक्षात पहाटे पाचला पोचता, कोनाकाचं दार बंद, आणि खोली दुपारी दोनला मिळणार. तो दिवस असाच वाया जातो. दिवसाची बस घ्या.

तिकीट काढताना बस साफ्रानबोलूच्या स्थानकापर्यंत जाते की काराब्युकलाच संपते ते विचारा. काराब्युकहून मिनीबस मिळते, पण सामान घेऊन पुन्हा बदलाबदली. अनोळखी स्त्री-पुरुषांना शेजारची जागा तिथल्या बसमध्ये सहसा देत नाहीत. जोडप्याने दोन्ही तिकिटं एकत्रच काढावीत. वाटेत चहा-बिस्किटं मिळतात. मोबाइलचं ई-सिम घ्यायचं तर ते भारतातूनच बसवून चला; 2025 च्या जुलैपासून तुर्कीत अनेक परदेशी ई-सिम कंपन्यांची पानं बंद केली आहेत.

पोचल्यावर हॉटेलवाला पासपोर्ट मागेल. पाहुण्यांची नोंद पोलिसांना कळवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. नोंद झाली की पासपोर्ट परत घ्या, रात्रभर ठेवायला देऊ नका.

पैसे

रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर राहू नका. युरो किंवा डॉलर न्या, इस्तंबूल-अंकारातच गरजेपुरते लिरा करून घ्या. विमानतळावरचा दर नेहमी वाईट. सर्वांत मोठी नोट 200 लिराची, त्यामुळे दोन रात्रींचं बिल रोख द्यायचं तर पाकीट फुगतं. एटीएमने ‘तुमच्या चलनात वळवू का’ विचारलं तर नाही म्हणून लिराच निवडा. कार्डाच्या यंत्रावरही तेच. झिराअत, हाल्क, वाकिफ या सरकारी बँकांची यंत्रं आधी वापरून बघा आणि शुल्क पडद्यावर दाखवल्यावरच पुढे जा.

शाकाहाऱ्यांचं पोट

नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असेल तर दिवसाचं अर्धं काम झालं. ऑलिव्ह, दोन-तीन प्रकारचं चीज, टोमॅटो-काकडी, अंडी, मध, मुरांबे, पाव आणि छोट्या पेल्यांतून येत राहणारा चहा. दहाला सावकाश खाल्लं की दुपारी भूक नसते, आणि बजेट तिथेच सांभाळलं जातं.

पुढे जरा जपून. मसुराचं सूप शाकाहारी दिसतं, पण कधी कधी मटणाच्या पाण्यात केलेलं असतं. भातात कोंबडीचं पाणी घालण्याची पद्धत आहे. ‘एत सुयू वार मी?’ असं विचारलं की मांसाचं पाणी आहे का ते कळतं. ‘एत्सिझ’ म्हणजे मांसाशिवाय. नुसतं एत्सिझ म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, म्हणून ‘ताउक दा योक’ जोडा. भरवशाचे पदार्थ: चीज किंवा पालक भरलेली ग्योझलेमे, ऑलिव्ह तेलातल्या गार भाज्या आणि ‘पेरुही’ नावाचा इथला पदार्थ. कणकेच्या पारीत चक्क्यासारखं दही भरलेलं असतं आणि वरून लोणी-अक्रोड. शेवटी झेर्दे, केशर घातलेला गोड भात; आपल्या केशरीभाताच्या मानाने पातळ आणि गार.

आठवड्यामधल्या दिवशी चार्शीतल्या खानावळी लवकर आवरतात. साडेसातपर्यंत जेवून घ्या, नाहीतर किरानक्योयला चढावं लागेल. तिथल्या सुपरमार्केटातून दही, फळं आणि पाव आणून खिडकीतल्या बैठकीवर बसून केलेलं जेवणही वाईट नाही.

दिवस कसा घालवायचा

यादी लहान आहे. 1645 चं जिंजी हान हे व्यापाऱ्यांचं मुक्कामी घर, मोचीकामाची जुनी आरास्ता म्हणजे दुकानांची गल्ली, हिदिरलिक टेकडीवरून संध्याकाळचं गाव. कायमाकामलार हे संग्रहालय झालेलं घर आपल्या कोनाकात शिरण्याआधीच बघावं. खोलीतली प्रत्येक कपाट-बैठक कशासाठी होती ते तिथे कळतं. पुरुषांच्या आणि बायकांच्या भागांमधल्या भिंतीत काही घरांत फिरतं कपाट आहे. एका बाजूने ताट ठेवायचं, कपाट फिरवायचं, पलीकडे जेवण पोचलं आणि कोणी कोणाला बघितलं नाही.

योर्युक गाव 11 किलोमीटरवर, ‘तोकातली’ नावाची दरी आणि तिच्यावरचा इंजेकाया जलसेतू त्याहून जवळ. दोन्हीसाठी टॅक्सी करावी लागते. मालकाला सांगितलं तर तो थांबून परत आणणाऱ्याशी भाव ठरवून देतो. हॉटेलातल्या दुसऱ्या कोणाशी ती वाटून घ्या. केशर घ्यायचंच असेल तर अख्ख्या काड्यांचं, ग्रॅमच्या बंद डबीतलं घ्या. लोकम ही तुर्की मिठाई मात्र चाखून. दुकानदार स्वतःच तुकडा पुढे करतात.

परतीचं तिकीट पोचलेल्या दिवशीच बसस्थानकावर काढून टाका. रविवारी दुपारी इस्तंबूल-अंकाराकडे जाणाऱ्या बसेस भरतात. बुधवारी सकाळी हवी ती खिडकी मिळते. हिशेब आदल्या रात्री मिटवा, कारण पहाटे निघताना मालक उठलेला नसतो आणि किल्ली दारातल्या बुटांच्या फळीवर ठेवून जायला सांगतो.